तांडा हॉल्टवरच्या विलंबाचं कारण

वणी, १२ डिसेंबर २००६

तीर्थरूप अनंतमामांना अनघाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दिलेला लेप लावता, की आल्यागेल्याला नुसता दाखवता? माझं ठीक. आधी घटना, क्रमाने:

१. पॅसेंजर तांडा हॉल्टवर थांबली.
२. दारातच दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडू लागल्या.
३. मी कंट्रोलला फोन केला: हॉल्टवर मृत्यू.
४. कोणीही मेलेलं नव्हतं.

हा थांबा ठेवावा की काढावा, हे पाहायला रेल्वेने मला पाठवलं होतं. तांड्यावर महाराष्ट्र आणि आंध्र दोघेही हक्क सांगतात (शाळा दोन, रेशनची दुकानं दोन, गुरुजी दोन्हीकडचे गैरहजर), त्यामुळे फलाट कोणी बांधायचा हे ठरत नाही, आणि फलाट नसलेला थांबा काढणं सोपं. पण तो काढला तर तांड्यावरच्या सुखीबाईची लेक जमनी, जी पलीकडे आंध्रात दिली आहे, तिचं माहेर तुटेल. मूल कडेवर घेऊन तीन जिपा बदलत कोण येणार? यंदा कापसाने जिपेपुरतंही हातात ठेवलेलं नाही. हे मला नंतर कळलं. आधी कळला तो आवाज.

ते रडणं साधं नव्हतं. ‘याडीऽ’ (म्हणजे आई) म्हणत, सुरात, एकेक ओळ लांबवत. (बंजारा बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की अशाच रडतात. दुःख असलंच पाहिजे असं नाही. आमच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.) जमनीचा एक पाय पायरीवर, गाठोडं अजून डब्यात. गार्ड मारोतीभाऊ धावत आले तोवर माझा फोन झाला होता. “मॅडम, फोन कायले केला? मायलेकी भेटून राह्यल्या!”

बातमी तेवढ्यात दोन राज्यांत पोचली, आणि पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका, असं कंट्रोलने कळवलं. एरवी तांडा आमचाच म्हणणारी दोन्हीकडची पोलीस ठाणी उलट फोन करून ठामपणे सांगू लागली, की ती हद्द आमची नाही. सुखीबाईने रडणं रीतसर पुरं केलं, डोळे पुसले आणि विचारलं, “गाव दोघाईचं, अन् मढं कोनाचंच नाही? बरं झालं वं बाई, कोनी मेलं नाही. ठेवलं कुठं असतं?” सगळा डबा हसला. मग माझाच फोन घेऊन तिने एका ठाण्याला मराठीत आणि दुसऱ्याला तेलुगूत कळवलं, की मढं बोलत आहे, गाडी सोडा. मामा, मी सिग्नल यंत्रणा शिकले आहे. इतक्या कमी शब्दांत मार्ग मोकळा करणारं यंत्र मी पाहिलेलं नाही.

गाडी सुटली. उशीर माझ्या फोनमुळे झाला, असं मी लेखी दिलं आहे. (आईला सांगू नका.)

तुमची,
अनघा

ता. क. गुडघ्याची चौकशी खरी, पण पत्र त्यासाठी नाही. थांबा काढू नये, उलट एक मिनिटाचा दोन मिनिटांचा करावा, अशी शिफारस मी केली आहे. कारण लिहिलं: ‘भेट’. साहेब म्हणतात, हे तांत्रिक कारण नाही. दारव्ह्याच्या छोट्या गाडीवर गार्ड असताना माहेरवाशिणी भेटेपर्यंत तुम्ही शिटी तोंडातच धरून ठेवायचात, असं मामी सांगतात. तेवढं सहीनिशी लिहून द्या.

आणखी एक. निघताना सुखीबाईने मलाही गळ्याशी धरून तसंच रडून घेतलं. मी सरळ उभी होते. किती वेळ, ते मोजलेलं नाही.

सोमवारी साहेबांसमोर बसायचं आहे. उत्तर शनिवारपर्यंत पाठवा.