चुकीच्या जाळीपुढे

थॉर्न लेक,
मंगळवार

प्रिय डेल,

उद्या सकाळच्या बसने हे पार्सल निघेल. वर खसखशीचा रोल आहे, खाली लोकरीचे मोजे आणि मधे हे पत्र. रोल एकट्याने फस्त करू नकोस, अँटनलाही दे. एका खोलीत राहता, तर खाण्यातही वाटणी हवी. रविवारी तुझा फोन आला तेव्हापासून काय लिहायचं ते मी मनात जुळवतेय. शुक्रवारी मोठ्या हॉकी लीगचा माणूस तुला बघायला येणार, हे तू इतक्या आनंदाने सांगितलंस, की फोनवर मला जे बोलायचं होतं ते बोलायला तोंडच उघडेना. गेल्या आठवड्यात तुझ्या गोलकीपरच्या मुखवट्यावर तो दगडासारखा कडक रबरी पक आदळला तो मी इथे स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. निवेदकाचा आवाज एकदम खाली आला, मग तू उठलास, मग टाळ्या. तू म्हणालास, "काही नाही गं आई, कान वाजतोय थोडा." नुसता कान असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. पण आधी गावच्या बातम्या देते, नाहीतर पुढचं वाचायच्या आतच तू पत्र घडी करून ठेवशील.

आपले स्टॅलियन्स यंदा बरे खेळतायत. म्हणजे खरं तर जाळीत रसेल बॉयचुक बरा खेळला आणि बाकीचे त्याच्या जिवावर मिरवतायत. कर्टिसच्या गोलांचं कौतुक कॅफेत रोज चालतं, पण तो पुढे जाताना हरीण असतो आणि मागे येताना गाभण म्हैस. असे गोल करणारे मला कधीच आवडले नाहीत. त्यापेक्षा तो टकला नील बरा, जो वर्षात एखादा गोल करतो पण येणाऱ्या पकसमोर नडगी घालतो. माझी मैत्रीण ऑलिव्ह म्हणते, "आयरीन, तुला गोल आवडत नाहीत तर बर्फाशेजारी कुडकुडत हॉकी बघतेस कशाला?" मी गोलकीपर बघायला जाते, हे तिला आजवर पटलेलं नाही. आणि गोल खाल्ला की सगळे बोट दाखवतात ते त्यालाच. अरे, पक त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्याआधी पाच जण चुकलेले असतात!

आताच्या पोरांचं एक मला खटकतं. पक निघायच्या आधीच गुडघ्यांवर बसतात. रसेल तसा नाही, तो थांबतो. तूही थांबायचास. वाट बघता येणं हीच गोलकीपरची अर्धी कला आहे, बाकीची अर्धी ताकद नि नशीब. सामानाचं म्हणशील तर नवे पॅड मला मान्य आहेत. तुझ्या बाबांचे चामड्याचे, आत हरणाचे केस भरलेले पॅड पाणी पिऊन असे जड व्हायचे, की मॅचच्या तिसऱ्या भागात बाबा गोलकीपर कमी आणि ओलं पोतं जास्त वाटायचे. पण मुखवट्यांवर ही जी रंगरंगोटी चालते ती काही मला झेपत नाही. रसेलनेही यंदा लांडगा रंगवून घेतलाय. बाहेर लांडगा काढला म्हणून आतला माणूस लांडगा होत नाही. मुखवटा नाक वाचवतो, दात वाचवतो. आतलं डोकं आतल्या आतच आदळतं, त्याला रंग काय करणार?

आपल्या गावची रीत तुला ठाऊकच आहे. मॅचच्या दिवशी गोलकीपरशी कोणी बोलायचं नाही. रसेल दुकानात शिरला की लोक ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत जातात, पोस्टातली बाई तिकिटं नुसती पुढे सरकवते, आणि त्याची स्वतःची बायको न्याहारीची बशी ठेवून निघून जाते. मला ही रीत आवडायची. एवढं एक गाव एका माणसाचं मन शांत राहावं म्हणून दिवसभर जीभ आवरतं, हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? गुरुवारी सरावात त्याच्या डोक्याला पक लागला होता. शुक्रवारी तो घरात पडून होता. शनिवारी मॅच, म्हणून रीतीप्रमाणे कोणी त्याच्याशी चकार शब्द बोललं नाही. कोणी दोन वाक्यं बोललं असतं तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही हे तेव्हाच कळलं असतं.

पहिला भाग छान गेला. विश्रांतीनंतर बाजू बदलल्या आणि रसेल सरळ जुन्याच जाळीपुढे जाऊन उभा राहिला, म्हणजे आता पलीकडच्यांच्या जाळीपुढे. स्केटने बर्फ खरवडला, दोन्ही खांबांना काठी टेकवली, सगळं अगदी नेहमीसारखं. पलीकडचा गोलकीपर बिचारा बाजूला उभा, पाहुणा खुर्चीत बसला की घरमालक उभा राहतो तसा. बर्फाभोवती सगळ्या रिंकभर हशा पिकला. म्हातारा बर्न ओरडला, "रसेल, पलीकडे पगार जास्त देतायत का रे?" मीही हसले. मग कॅप्टनने जाऊन त्याचं कोपर धरलं आणि त्याला अख्खी रिंक ओलांडून आपल्या जाळीपुढे आणून सोडलं. तो इतक्या निमूटपणे चालला, की माझं हसू तिथेच आटलं. पुढचे दोन्ही भाग तो खेळला, डेल. एकही गोल जाऊ दिला नाही. आपण जिंकलो.

मॅच संपल्यावर मी ग्रेव्हीतले बटाटे घ्यायला रांगेत उभी होते. तो ओल्या केसांनी, बॅग खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काकू, आज कोणाशी आहे?" मला वाटलं चेष्टा करतोय. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि तुझ्या बाबांनी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम संपला, पुढचं पुढे बघू. कॅप्टनला लागलेलं माहीत होतं, निम्म्या टीमला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका गोष्टीवर आपल्याकडच्या सगळ्या टीम उभ्या आहेत. जमिनीवर काठीच्या टेपचा बोळा दिसला तर कॅप्टन स्वतः वाकून उचलतो, नवख्याला एकटं जेवू देत नाहीत, हरलेल्या गोलकीपरच्या डोक्यावर प्रत्येक जण थाप मारून जातो. हे सगळं मला प्राणापलीकडे आवडतं. आणि तीच पोरं मित्राच्या डोक्याला लागलेलं बघून गप्प बसतात, याची मला चीड येते.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला. तू विचारलंस, "यंदा आपल्याकडे जाळीत कोण आहे?" मी म्हटलं, रसेल होता, आणि घडलेलं सगळं सांगितलं. तू हळहळलास. मग शुक्रवारचं सांगितलंस, हवेचं बोललास, आणि पुन्हा विचारलंस, "बरं, यंदा जाळीत कोण आहे?" मी पुन्हा सांगितलं. फोन ठेवताना तिसऱ्यांदा विचारलंस. रसेल बॉयचुक, डेल. ज्याच्याबरोबर तू लहानपणी पॅडचा एकच जोड वाटून घ्यायचास, डावा तुला, उजवा त्याला. तुझ्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तो काही सहा वर्षांचा नाही, आयरीन. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो दिवस आलाय, आता त्याच्या पायात पाय घालू नकोस." तेव्हापासून आमचं जेवण मुक्याने चाललंय. सोमवारी तू सरावाला गेला असशील अशा वेळी मी तुमच्या खोलीवर फोन केला. अँटनने घेतला. मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे, काकू! घोड्यासारखा खातोय." पोरगा चांगला आहे. खोटं बोलताना त्याचा आवाज कापत होता, पण बधला नाही.

म्हणून मग मी तुमच्या कोचला फोन लावला. आधी तो म्हणाला, "बाईसाहेब, आमच्या ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी आम्ही बघतो." मी म्हटलं, बघत असता तर मला एवढ्या लांबून बघावं लागलं नसतं. तीन वेळा विचारलेला तो प्रश्न मी त्याला सांगितला. तेव्हा तो म्हणाला, डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय तुला बर्फावर उतरवणार नाही. हे पार्सल तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला ते कळलेलं असेल. शुक्रवारी जाळीत दुसरा कोणीतरी उभा असेल आणि तो मोठ्या लीगचा माणूस त्याला बघून परत जाईल. पुन्हा येईल की नाही, मला सांगता येत नाही. आणि तू सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये शोधत असशील, कोणी तोंड उघडलं ते. पहिला संशय अँटनवर जाईल, म्हणून हे पत्र लिहितेय. त्याने काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं. त्याच्याशी भांडू नकोस, माझ्याशी भांड. वर्षभर फोन केला नाहीस तरी चालेल. पण वर्षभराने, आपण आईला फोन का करत नव्हतो, हे तुझ्या लक्षात असलं पाहिजे. तेवढ्यासाठीच मी हे केलं.

तुझीच,
आई