मालकाच्या तोंडावर

११ मार्च १८७१
ठरलं. मत मालकाविरुद्ध. स्ट्रॅथडीसाहेब लाकडाच्या गिरणीचा मालक असेल, माझ्या जिभेचा नाही. आमदारकी हवी म्हणून त्याने आम्ही राहतो ती खोपटी आम्हाला भाड्याने दिल्याचं कागदोपत्री दाखवलं आणि भाडेकरूला मत असतं, तेव्हा आम्हा कामगारांना मतदार करून टाकलं. मत इथं सगळ्यांसमोर तोंडी द्यायचं असतं. आता भर चौकात, मचाणावर चढून, त्याच्या तोंडावर त्याच्या विरोधी उमेदवाराचं नाव ओरडणार, "हॅलिडे!" अख्खं ओंटारियो दणाणलं पाहिजे.

१३ मार्च
गिरणीमागे बर्फात ओरडायची प्रॅक्टिस केली. घोडा बुजला. माझ्याबरोबर खोपटात राहणारा ओनेझिम म्हणतो, वक्तेसाहेब, मत माणसांसमोर द्यायचंय, घोड्याला कशाला धमकावता? जळतो. म्हातारा क्वेबेकवाला, त्याला राजकारणातलं काय कळतं?

१६ मार्च, दुपारी
मालकाकडून सगळ्यांना डुकराचं मटण आणि व्हिस्की. शिवणारसुद्धा नाही.

संध्याकाळी
शत्रूचं अन्न संपवणं हासुद्धा विरोधच. ओनेझिम म्हणाला, मग ऊठ, अजून थोडा विरोध कर, पिंप रिकामं होतंय. स्वतः मात्र वाटाण्याचं सूप भुरकत बसला. हट्टी.

१९ मार्च
टोपीला मालकाच्या प्रचाराची निळी फीत लावली. त्याला गाफील ठेवायचं. मुकादमाने दम दिला, विरोधात बोलणाऱ्याने बोचकं बांधूनच मचाणावर चढावं. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो पाठमोरा होता.

२१ मार्च. मतदान
ओनेझिम माझ्या आधी चढला. मालकासमोर उभा राहून "हॅलिडे" म्हणाला आणि उतरला. ना आवेश, ना हातवारे. असं देतात होय मत?
मग मी. छाती फुगवली. तेवढ्यात मालकाने हॅट काढली आणि म्हणाला, काय लॅकलन, केप ब्रेटनला आई बरी आहे ना? माझ्यासाठी आजवर कुणी हॅट काढली नव्हती. त्यात कारकुनाची घाई, अरे बोल लवकर, मत कुणाला?
स्ट्रॅथडी, म्हणालो.
पण अशा सुरात म्हणालो, की मालकाला झोंबलंच असणार. हसला. वरवर.

२२ मार्च
मालक निवडून आला. ओनेझिमला सकाळीच कामावरून काढलं. त्याचं सामान तयारच होतं. जाताना म्हणाला, पोरा, माझी शेगडीजवळची खाट तू घे, इथं ऊब असते. मी ठणकावून सांगितलं, माझा लढा संपलेला नाही!
खाट घेतली.
मालकाच्या बंगल्याकडे पाठ करून झोपणार. रोज.