मागच्या पानावरचे सहा आकडे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघे दुखतात). इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून. तुझी तब्येत मात्र छानच असणार. निवृत्त माणसाला कामं दोनच, जेवणं आणि आडवं होणं. तेव्हा एव्हाना तुझं पोट तुझ्याआधी दारात पोचत असेल.

आता मुद्द्याचं. ते आकड्यांच्या कोड्यांचं पुस्तक तू मला का पाठवलंस? "सारखी तगमगतेस, डोकं कशात तरी गुंतव," म्हणालास. गुंतवलं! आता सुटत नाही. दोन, सहा, बारा, वीस, पुढे काय? तीस! (मिळवायचा आकडा दर वेळी दोनाने वाढतो. तुला काय सांगायचं म्हणा, तुझा जन्म जमिनी मोजण्यात गेला.) उत्तर जमलं की काय गार वाटतं जिवाला! पण घटकाभरच, की लगेच पुढचं हवं. आमचे हे इस्त्रीआधी कापडावर पाण्याचे शिंतोडे मारतात ना, गेल्या आठवड्यात मी तेसुद्धा मोजत बसले. तीन मारले, मग पाच, मग सात, आणि यांनी हात थांबवला. "अहो, नऊ!" म्हणून मी अशी किंचाळले की यांनी इस्त्री बोटावर टेकवली. दोन दिवस अबोला होता.

त्यात ते बँडमास्तर. रविवारी त्यांचा कार्यक्रम, त्यासाठी लाल कोट शिवायला टाकला. मी मापं घेतली. सीट चाळीस, खांदा वीस (माणूस रुंदच आहे), आणि बाहीला टेप लावायच्या आत हाताने वहीत लिहूनसुद्धा टाकलं, दहा. निम्मं, त्याचं निम्मं! वर कापताना 'कसं चपखल बसलं' म्हणून मी खूश. काल ते कोट घालून आरशासमोर उभे राहिले, काठी उगारली आणि दोन्ही कोपरं उघडी. मला हसू आवरेना, त्यांना राग आवरेना. आज पुन्हा मापं द्यायला येणार आहेत. बावीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं रे. लाज वाटते.

आणि या सगळ्याचं मूळ तू पेन्सिलीने लिहिलेलं ते शेवटचं कोडं. मागच्या कोऱ्या पानावर नुसतं २९, ३६, ३१, ३६, १७, २४, आणि खाली 'घाई नाही, जमेल तेव्हा कर.' घाई नाही म्हणे! वीस दिवस झाले. मिळवून पाहिले, वजा केले, उलटे वाचले. छत्तीस दोनदा का येतो? आमचे हे म्हणतात, दादांनाच विचारा. म्हणून नाक मुठीत धरून विचारते. हरले. पुढचा आकडा कळव, म्हणजे मला जेवण गोड लागेल.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून बरं. बँडमास्तर आत्ताच येऊन गेले. या वेळी मी टेप धरला आणि यांना लिहायला बसवलं. कोटाची उंची, छाती, कंबर, सीट, खांदा, बाही. यांनी वही पुढे केली, त्यात ओळीने सहा आकडे. मी धावत जाऊन तुझं पुस्तक आणलं आणि मागचं पान वहीशेजारी धरलं. दादा, ते कोडं नव्हतं. तू कोटाचं माप पाठवलं होतंस, तेही माझ्याच वहीच्या क्रमाने! जन्मभर ही रांग लिहिणारी मी, आणि मलाच ओळखू आली नाही.

ता. ता. क. जुन्या वहीतून तुझ्या निरोपसमारंभाच्या कोटाचं पान काढलं. उंची एकोणतीस, बाही चोवीस, दोन्ही तीच. पण छाती चाळीस होती, कंबर अडतीस! सात इंच कुठे गेले? आणि वर मी पोटावरून थट्टा केली, जळो माझी जीभ. वहिनी गेल्यापासून तू काय शिजवतोस, शिजवतोस तरी का, मी कधी विचारलं नाही. आजारी आहेस का? खरं सांग. नाहीतर राहू दे, पत्रात तू खरं सांगणार नाहीस. सोमवारी मी येतेय, टेप आणि डबा घेऊन. कोट शिवणार नाही. आधीचा अंगाला बसेपर्यंत तिथून हलणार नाही.