चौकशी खिडकीच्या बाहेरून

नाशिक, १२ नोव्हेंबर १९९८

श्री. चिमाजीराव, माजी एसटी चालक, मुक्काम येवला, यांस पुंजाचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत, मोतीबिंदूवाल्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि वहिनी अजून तुझं ऐकून घेतात का, ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे असं घरातले सगळे सांगतात, म्हणूनच हे पत्र. अक्षर सुनेचं आहे, कारण उजवा हात आता पेन धरत नाही. शब्द माझे आहेत आणि एकही गाळणार नाही असं तिनं कबूल केलं आहे. (सविता, हेही लिही.)

छातीतली गाठ डोक्यात पोचली. हे मला कसं कळलं? धनराजनं तपासणीचा कागद देवघरात, तसबिरीमागे लपवला. घरात रोज पूजा कोण करतं? मी! अंबडच्या ज्या कारखान्यानं आमच्या चिरंजीवांना सुपरवायझर केलं, त्या मालकाची मला दया येते. डोक्याला दहा शेक द्यायचे ठरले. शेक म्हणजे फडकं गरम करून देतात तसला नव्हे, किरणांचा. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, “आजोबा, टेन्शन घ्यायचं नाही,” म्हणाले, आणि धनराजला व्हरांड्यात घेऊन गेले. चर्चा माझ्या डोक्याची, आणि डोकं तेवढं खोलीत एकटं!

चिमाजी, मी तीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो. येवल्याची गाडी कधी, असं विचारणाऱ्या एकाही माणसाला मी ‘काळजी करू नका, मन खंबीर ठेवा’ असं उत्तर दिलेलं नाही. गाडी रद्द, तर रद्द म्हणून सांगितलं. लोकांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पण मग दुसरी सोय पाहिली. मी विचारलं की घरात कुणाला तरी लगेच दूध उतू जाताना दिसतं. (आपल्याकडे गॅसवर दूध नसतानाही. सविता लिहिता लिहिता थांबली आहे. लिही म्हणालो.)

यंत्र तळघरात आहे. कानशिलांवर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्यात, त्या धुवायच्या नाहीत. डोकं पट्टीनं टेबलाला बांधतात, सगळे बाहेर पळतात, जाड दार लागतं आणि दोन मिनिटं नुसती घरघर. दुखत काहीच नाही. त्या दोन मिनिटांत माझ्याशी खोटं बोलायला जवळ कुणी नसतं, त्यामुळे मला ती खोली आवडू लागली आहे. आज सहावा झाला. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, त्यांचा मावसदीर असेच दहा शेक घेऊन आता कबड्डी खेळतो. मी त्याचा पत्ता मागितला, तर अर्धा चहा टाकून गेल्या.

डोक्याची सूज उतरावी म्हणून गोळ्या आहेत. त्यांनी भूक लागते (काल सहा भाकरी) आणि राग येतो, असं डॉक्टर बोलून गेले. झालं! आता मी काहीही म्हणालो की धनराज म्हणतो, “गोळ्यांमुळे चिडतात.” अरे चिमाजी, तू रोज गाडी उशिरा आणायचास आणि मी लाल शाईनं शेरे मारायचो, तेव्हा कुठल्या गोळ्या होत्या?

तीस वर्षं येवल्याची गाडी पुकारली, पण निफाडच्या पुढे कधी गेलो नाही. तू दर साली संक्रांतीच्या पतंगांना बोलावतोस, मी दर साली पुढच्या वर्षी म्हणतो. आता विचारलं तर धनराज म्हणतो, “उन्हाळ्यात जाऊ.”

तुझा,
पुंजा

ता. क. खरं काम हे. डॉक्टर फक्त नातेवाइकांशी बोलतात. तू माझा भाऊ म्हणून ये, व्हरांड्यात उभा राहा आणि विचार, हा संक्रांतीला येवल्यात असेल का? जे सांगतील ते मला फलाटावर पुकारल्यासारखं सांग.

ता. क. दुसरा. चिमाजीकाका, मी सविता. वरचं लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवला. त्या दिवशी व्हरांड्यात मीही होते. शेकानं आजार जाणार नाही, डोकेदुखी आणि ओकाऱ्या कमी होतील, काही आठवडे जरा बरे जातील, संक्रांतीचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे मी आत्ता बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “एवढं सांगायला आठ दिवस लागले?” आणि भाकरी मागितली.

ता. क. तिसरा. पुन्हा मी, पुंजा. भाऊ व्हायची गरज उरली नाही, चौकशी झाली. शेवटचा शेक बुधवारी, अठरा तारखेला. गुरुवारी सकाळी सातच्या गाडीनं, पुढच्या सीटवर बसून, मी येवला बघायला निघतो. न्यायला तू इथे नाशिकच्या महामार्ग स्टँडवर ये, त्यासाठी आदल्या रात्रीच निघ. धनराजला सविता सांगणार आहे, आणि तो चिडला तर त्यानंही माझ्या गोळ्या खाल्ल्या असं समजू. नातवांचे पतंग माळ्यावरून आत्ताच काढून ठेव, नोव्हेंबरात उडवले म्हणून कुणी पकडत नाही.

सात म्हणजे सात, चिमाजी. या वेळी लाल शेरा मारून भागणार नाही.