चिरूटवाल्या देवीचा देव्हारा

ठाणे, चेंदणी
भाद्रपद वद्य षष्ठी, शके १८१३

राजश्री अनंतराव दादासाहेब दिघे, मुक्काम कल्याण, यांचे सेवेशी ठाण्याहून त्र्यंबक विनायक टिपणीस याचा आदरपूर्वक नमस्कार. पत्राच्या आरंभी आपले क्षेम कळवावे असा शिष्टाचार आहे व तो मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु घरातील देव कल्याणास, त्या देवांची पूजा करणारी आपली भगिनी, म्हणजे माझे कुटुंब, कल्याणास, आणि मी येथे एका रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसून ‘सर्व क्षेम’ असे लिहिणे ही खोटी नोंद होईल, आणि खोटी नोंद मी पेढीवर असताना कधी केली नाही ती पेन्शनीत करणार नाही. म्हणून मी आहे, एवढेच लिहितो. आपल्या पायाची सूज उतरली असेल अशी आशा आहे. आपल्या मावशीबाईंच्या गुडघ्याचेही कळवावे.

आपले पत्र पावले. करवत खाडीत टाकावी, देव्हारा बंबात घालावा, घराची शुद्धी करून घ्यावी व मग आपली भगिनी देवांसह परत धाडण्याचा विचार होईल, असे आपण लिहिता. आपण वयाने व नात्याने वडील आहात, कल्याणच्या कोर्टात आपल्या शब्दास वजन आहे, हे सर्व मान्य करून सांगतो की यांतील एकही गोष्ट मी करणार नाही. मावशीबाईंनी आपणांस जी हकिगत सांगितली ती त्यांच्या दृष्टीने खरी असेल. परंतु त्यांच्या दृष्टीस मोतीबिंदू आहे. आपण स्वतः त्या दिवशी पायामुळे येऊ शकला नाहीत, तेव्हा यथार्थ हकिगत लिहून ठेवणे मला प्राप्त आहे.

पेढीतून निरोप घेताना मला चांदीचे घड्याळ मिळेल अशी समजूत आपण सर्वांनी करून घेतली होती (मी करून घेतली नव्हती). मिळाली ती विलायतेहून नमुन्यादाखल आलेली व कोणीही सोडवून न नेलेली एक पेटी. तीत लोखंडी धनुकलीस ताणून बसवायची केसाएवढी करवत, तिच्या पात्यांची एक पुडी आणि जाळीकामाच्या नक्षीचे छापील कागद होते. पातळ फळीवर नक्षी चिकटवायची, भोक पाडायचे, भोकातून पाते ओवायचे आणि रेघेवरून हलक्या हाताने कापीत जायचे, की लाकडाची जाळी होते. विलायतेत मोठमोठे गृहस्थ हे काम दिवाणखान्यात बसून करतात असे पेटीच्या झाकणावरील चित्रात स्पष्ट होते. आपण लिहिता की आपल्या जातीने हातात लेखणी धरावी, करवत धरू नये. लेखणीसाठी बोरू तासताना आपण चाकू धरता, तो मी पाहिला आहे.

नाद लागणे सोपे होते. साहित्य मिळणे नव्हते. साग म्हणून जे लाकूड ठाण्याच्या बाजारात मिळते ते दार करण्यास उत्तम, परंतु मला फळी हवी ती दोन सुतांची, म्हणजे पाव इंच जाडीची. ती वखारवाल्यास मागितली तेव्हा त्याने मला बसवून पाणी पाजले. पात्यांची गोष्ट त्याहून बिकट. पाते किंचित तिरके झाले की तुटते, आणि तुटले की मुंबईच्या दुकानदारास पत्र लिहावे, त्याने विलायतेस लिहावे, आणि बोट येईपर्यंत अर्धा मोर फळीवर तसाच उभा राहावा. म्हणून पुडीतील राहिलेली पाती जपून ठेवण्यास मी आपल्या भगिनीच्या हवाली केली, आणि सरावासाठी घड्याळाची कमान सोडवून, तिच्या पट्ट्या करून, कानशीने दाते पाडून घरगुती पाती बनविली. (घड्याळ म्हणजे आपण आमच्या लग्नात दिलेले ते भिंतीवरचे. ते बंद झाल्याचा आपल्या पत्रात दुःखाने उल्लेख आहे. ते चालत असताना ठाण्याच्या तोफेशी त्याचा मेळ कधीच नव्हता. आता ते दिवसातून दोनदा तरी बरोबर असते.)

लाकडाचा प्रश्न ग्रेगरीने सोडविला. ग्रेगरी आमच्या मागील वाडीतला; शेतीभाती सांभाळून एका साहेबाच्या बंगल्यावर बटलरचे काम करतो. साहेबास चिरुटांचे व्यसन आहे, आणि चिरूट ज्या पेट्यांतून येतात त्यांचे लाकूड तांबूस, सुवासिक आणि अचूक दोन सुतांचे असते. हे कळल्यावर साहेबाच्या प्रकृतीविषयी मला जी आस्था वाटू लागली ती त्याच्या नातलगांसही नसेल. मी ग्रेगरीस माझी एकच शंका विचारली, की या लाकडाचा देव्हारा केला तर चालेल काय. तो म्हणाला, “राव, चिरूट साहेब वरतो. लाकराने कंदी वरला?” (वरणे म्हणजे त्यांच्या बोलीत ओढणे.) या युक्तिवादात मला आजवर खोट सापडलेली नाही, कोर्टात सापडते काय ते आपण पाहावे.

देव्हारा जानेवारीत आरंभिला तो श्रावणात पुरा झाला. नक्षीचे कागद विलायती असल्यामुळे कमानी वर जाऊन टोकदार होत (ग्रेगरीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा छातीवर क्रूस काढला व आमच्या देवळासारखा झालाय म्हणाला, त्यावर मी टोकास कळस बसविला). द्राक्षांच्या वेलाचा मी तोंडलीचा वेल केला, हंसाची मान आखूड करून मोर केला. सकाळी पूजा आटोपल्यावर पडवीत बसत असे तो जेवणाची पाने मांडीपर्यंत उठत नसे. हे सर्व मी एकट्याने केले (समोर कोणी बसून भुसा फुंकीत असे, तेवढे सोडून). सांधे जोडण्यास सुतार सरस वापरतात. सरस जनावराच्या कशाकशापासून होतो हे मला ठाऊक असल्याने देवाच्या घरास तो मी लावू दिला नाही. सांध्यांना बांबूच्या खुंट्या मारल्या आणि जेथे कागद चिकटवायचा तेथे शुद्ध गव्हाची खळ वापरली. खळ आपल्या भगिनीने सोवळ्यात शिजविली होती. हे आपण कृपा करून ध्यानात ठेवावे, कारण पुढील अनर्थ माझ्या भ्रष्टतेमुळे झाला नसून सोवळेपणामुळे झाला आहे.

मागील फळी ही पेटीचे झाकण होते. झाकणाच्या आतल्या बाजूस एका मडमेचे रंगीत चित्र घट्ट चिकटविलेले होते. ते खरवडावे तर फळी दीड सुताची होऊन तडकणार, आणि भिंतीकडे फिरवावे तर पुढे येणाऱ्या बाजूस चिरुटाचा डागून उठविलेला मोठा शिक्का. मी दोन्ही बाजूंचा विचार करून चित्रावर तांबडा कागद खळीने चिकटविला व त्यापुढे देव बसविले. जे झाकले आहे ते दिसत नाही हे तत्त्व जगात सर्वत्र चालते. न चालण्याचे कारण माझ्या हिशेबात धरलेले नव्हते, ते म्हणजे झुरळे. सरसास ती शिवत नाहीत की काय ते मला ठाऊक नाही, परंतु सोवळ्यातील खळ त्यांस फार आवडते.

गौरी जेवणाच्या दिवशी घरात पाहुणे मावत नव्हते. जो तो देव्हारा पाहून तोंडात बोट घाली. हा कोणी केला असे विचारल्यावर मी “एकहाती” असे उत्तर दिले, आणि विचारणारे पुष्कळ असल्याने ते पुष्कळदा दिले. आपली भगिनी तेव्हा घावन-घाटल्याचे ताट घेऊन माझ्या पाठीमागे उभी होती असे मागाहून कळले. पुढे आरती सुरू झाली, तबक ओवाळले गेले, आणि “जय देव” म्हणता म्हणता तो तांबडा कागद वरच्या कोपऱ्यापासून सावकाश सुटून आमच्या बाळकृष्णाच्या डोक्यावर येऊन विसावला. मागे मडम. खांदे उघडे, केसात फूल, हातात चिरूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सर्व लोक आपल्यासाठीच जमले आहेत.

मी पुढे होऊन कागद सावरणार तोच मावशीबाई हात जोडून पुढे सरसावल्या. “ही कुठली गं देवी? गोरी आहे हो,” असे म्हणून त्यांनी तिला हळदकुंकू लावले, गुडघा बरा कर म्हणून ओटीचा नारळ ठेवला, आणि पंढरीभटजींस विचारले, “भटजी, हातात आयुध कुठलं म्हणायचं हे?” भटजी जवळ गेले, समई उचलून पाहिले, आणि ते आयुध पेटलेले आहे एवढेच म्हणाले. तेवढ्यात इंग्रजी तीन इयत्ता शिकलेले आमचे शेजारी पोपटराव यांनी मडमेच्या पायाशी असलेली चिरुटाच्या जाहिरातीची अक्षरे मोठ्याने वाचून त्यांचा मराठीत अर्थही सांगितला. विद्येचा इतका तत्पर उपयोग त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नसेल.

पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. विसर्जन होताच आपल्या भगिनीने देवीचा टाक, बाळकृष्ण व शाळिग्राम ताम्हनात ठेवून, वर रेशमी सोवळे गुंडाळून, मावशीबाईंसह कल्याणची गाडी धरली (देवांचे तिकीट काढले नव्हते; विचारले तर कायदा मी पाहून ठेवला आहे). आपण समजता की विटाळामुळे ती रागावली. तसे असते तर तिने सोवळे-ओवळे, चिरूट, मडम यांपैकी एखादा शब्द उच्चारला असता. तिने नेहमीच्या रीतीने पाट माझ्यासमोर सरकवला, सुपारी कातरून दिली, आणि उंबऱ्यावरून वळून एवढेच म्हटले: “एकट्यानं केला म्हणणं आहे ना? मग एकट्यानंच बसावं त्याच्यापुढं.” या वाक्याचा चिरुटाशी काडीचाही संबंध लागत नाही. मी ते पुष्कळ अंगांनी तपासून पाहिले आहे.

सारांश, देव्हारा जळणार नाही. करवत खाडीत जाणार नाही. शुद्धीचे म्हणाल तर ती झुरळांची करावी. घटस्थापना जवळ आली आहे, आणि घरची देवी घटी बसली नाही असे आमच्या घराण्यात आजवर घडलेले नाही, हे मी जाणतो. आपणही जाणता, म्हणूनच त्या गोष्टीवर भार टाकून मला वाकवू पाहता. आपण मला सोयऱ्यांच्या पंगतीतून वगळाल असे पत्राच्या शेवटी सूचित केले आहे. वगळावे. माझ्या पाटास जाळीची नक्षी आहे. तो मी कोठेही मांडून बसेन. कळावे, आपला लोभ असेल तसा असावा.

आपला,
त्र्यंबक विनायक टिपणीस

ता. क. वरील पत्र माजघरात सर्वांस ऐकू जाईल असे वाचण्यास माझी हरकत नाही. मागील फळी मात्र मी बदलली आहे. हे आपल्या आज्ञेवरून केले असे कृपया समजू नये. माझ्या बैठ्या मेजाचे शिसवी झाकण अनायासे निघाले होते (ते मी काढले), ते तासून दोन सुतांचे होण्यास पंधरवड्यातला बराच वेळ गेला. हे पत्र त्यामुळे मांडीवर लिहीत आहे. अक्षर हलले असल्यास कारण ते आहे.

ता. क. २. पत्र लिहून होताच मावशीबाईंचा मुद्दाम निरोप आला की गुडघ्यास उतार पडला आहे, तेव्हा ती गोरी देवी मला धाडून द्या. चित्र झाकणासह सोबत पाठवीत आहे. आपल्या घरात ते कोठे लावायचे ते आपण ठरवावे. शुद्धीसाठी पंढरीभटजी मोकळे आहेत.

ता. क. ३. हे वाचताना आवाज लहान करावा. विलायती पात्यांची पुडी आपल्या भगिनीच्या कुंकवाच्या पेटीत, आरशाच्या खाली आहे. घरगुती पाती शिसवीपुढे टिकत नाहीत. पुडी पाठवावी. कोणा हमालाबरोबर पाठवू नये, कारण पात्याचे दाते कोणत्या बाजूस करून धरायचे हे पुडी सांभाळणारीलाच ठाऊक आहे.

ता. क. ४. हे वाचूच नये. (अनवधानाने वाचले गेल्यास मी आपणांस दोष देणार नाही.) कापताना भुसा रेघेवर साचतो आणि रेघ दिसेनाशी होते. मी स्वतः फुंकून पाहिले. फुंकताना हात हलतो व पाते तुटते. पंख्याने भुसा डोळ्यांत जातो. ग्रेगरीस बसवून पाहिले, तर त्याने नक्षीचा कागदच अंगणात पोचविला, आणि वर मलाच विचारतो, “बाय कवा येते, राव?” दोन मोरांच्या चोची गेल्या आहेत. फुंकर हलकी, रेघेपुरती, आणि पाते वर येते त्या क्षणी पडावी लागते. तशी ती जानेवारीपासून श्रावणापर्यंत पडत होती, तेव्हा ती पडत आहे हे माझ्या ध्यानातही येत नसे.

ता. क. ५. देव्हाऱ्याच्या तळाशी कर्त्याच्या नावाची पट्टी असते. माझ्या नावाची होती ती काढून ठेवली आहे. नवीन पट्टीत दोन नावे आहेत. जे नाव मला तोंडाने घेता येत नाही ते आधी कापावयास घेतले, आणि चार अक्षरांपैकी तीन नीट निघाली आहेत. चौथ्या अक्षरावर भुसा साचला आहे.