ईदच्या आत थेंब थांबणार

पहिला रोजा, शनिवार
रमजान म्हणजे शिस्त. म्हणून आजपासून रोजनिशी. संकल्प: चिडायचं नाही, सिगारेट बंद, आणि मानिसचा कार्बोरेटर दुरुस्त. मानिस म्हणजे माझी जुनी स्कूटर. उभी केली की खाली पेट्रोल टपकतं. किरकोळ दोष आहे. ईदच्या सकाळी वोनोसोबोच्या डोंगरात सासऱ्यांच्या दारात तिच्यावरूनच उतरणार.

वुर्यानीने विचारलं, अहो, नक्की ना? बायकोला ईदच्या नमाजनंतर लगेच वडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून वर्षभराची माफी मागायची असते. गेल्या वर्षी आम्ही पोचलो संध्याकाळी, कोबीच्या ट्रकमधून. मानिसही कोबीवर आडवी. सासरे दुपारपर्यंत नवा शर्ट घालून खुर्चीत बसून होते म्हणे. यंदा त्यांना धरून बसवावं लागतं. मी म्हटलं, अगं, अख्खा महिना हातात आहे.

मेहुणा तेजोचा फोन. दाजी, मी गाडी घेऊन जातोय, जागा ठेवू का? म्हटलं, स्वतःचं वाहन असलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसत नाही. वुर्यानी फोन घेऊन आत गेली, बराच वेळ बोलत होती. भावाबहिणीचं प्रेम.

तिसरा रोजा
कार्बोरेटर उघडला. सोपं यंत्र आहे. पेट्रोल भरलं की फ्लोट तरंगत वर येतो आणि नीडलला भोकात दाबतो, पुरवठा बंद. आपल्याकडे बंद होत नाही. तपासणी अशी: फ्लोट वर धरायचा, नळीला तोंड लावून फुंकायचं. हवा गेली तर नीडल खराब. पण तोंडात पेट्रोलची चव येणार आणि मी रोज्यात. तपासणी संध्याकाळवर ढकलली. संध्याकाळी नारळाच्या दुधातला केळ्याचा कोलाक गोड झाला होता, तीन वाट्या घेतल्या. मग मशिदीत लांबलचक नमाज. मग झोप.

सहावा रोजा
मशिदीत हाजी मुर्सिदना विचारलं, कार्बोरेटर फुंकल्याने रोजा मोडतो का? म्हणाले, गिळलं नाहीस तर नाही मोडत, पण बाबा, सूर्य बुडाल्यावर फुंक ना. म्हटलं, तेव्हा पोट भरलेलं असतं, फुंकर येत नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. असा बारीक प्रश्न त्यांना रोज कोण विचारतं?

नववा रोजा
न फुंकताच निदान केलं. अनुभव. नीडलच्या टोकावर मळ आहे. आधी पॉलिशपेपर, मग टूथपेस्ट. टोक असं चमकलं की डोळे दिपावेत. वुर्यानी म्हणाली, बोटभर वस्तू, दुकानात नवी मिळते की. तिला ओरिजिनल आणि डुप्लिकेट यातला फरक समजावला. ती भाजी निवडत ऐकत होती.

बसवून टाकी भरली. आधी थेंब पडायचे, आता धार लागली. म्हणजे मळ होता आणि तो निघाला. प्रगती आहे.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला तर धार थांबेल हे मलाही कळतं. पण तो गेल्या वर्षी पक्कडीने जरा जास्त पिळला गेलाय. आता फिरत नाही.

चौदावा रोजा
गल्लीप्रमुख कुंचोरोकाका आले. म्हणाले, दारात पेट्रोलचं तळं आणि दहा पावलांवर पोरं फटाके उडवतायत, ईदच्या आधीच अख्ख्या गल्लीला वर पोचवतोस का? मानिसला बॅडमिंटनच्या मैदानावर हलवायचा हुकूम. या माणसाकडे स्वतःची स्कूटर नाही, त्याचं हे दुःख आहे.

हलवण्याआधी टाकी रिकामी करावी म्हणून नळी तोंडाने ओढली. एक घोट पोटात गेला. शांतपणे विचार केला. पेट्रोल हे अन्न नाही. सबब रोजा शाबूत. मात्र चव जाईना म्हणून कॉफी घेतली, ती औषध. रिकाम्या पोटी कॉफी बाधते म्हणून सोयाबीनचं तळलेलं तेम्पे. वुर्यानी दारातून म्हणाली, पेट्रोलने मोडला नसेलही, या तेम्पेने नक्की मोडला. चिडलो नाही. सिगारेट मात्र ओढली, कारण दिवस तसाही गेलाच होता. ओढताना मानिसपासून लांब उभा राहिलो. अक्कल लागते.

विसावा रोजा
मोठा शोध. फ्लोट कानाशी हलवला तर आत गुळगुळ. फ्लोटला भोक आहे, आत पेट्रोल भरलंय, तो तरंगतच नाही. म्हणजे नीडल पहिल्यापासून निर्दोष होती. घासल्यामुळे आता नाही. पण मूळ कारण मीच शोधलं, हे विसरून चालणार नाही.

वुर्यानी म्हणाली, फ्लोट आणि नीडल दोन्ही नवे आणा, दुकानं ईदला बंद व्हायच्या आत. मी भोकावर चिकटद्रव लावलं.

चोविसावा रोजा
ते चिकटद्रव पेट्रोलमध्ये विरघळतं. ट्यूबवर तसं लिहिलंय, पण किती बारीक अक्षरात. ही काय पद्धत झाली?

सत्ताविसावा रोजा
नवे पार्ट आणायला गेलो. दुकानाला कुलूप, मालक गावी. देशात कामाची शिस्तच राहिली नाही. दुसरं चिकटद्रव आणलं. हे महाग आहे.

शेवटचा रोजा
पहाटे तेजोची गाडी दारात. वुर्यानी बाहेर आली ती बॅग भरून, डोक्यावर नवा रुमाल. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब, चिकटद्रव वाळतंय. ती म्हणाली, अहो, बाबा उद्या सकाळपासून खुर्चीत बसणार. एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

गाडीत तेजोची बायको, मुलं, बिस्किटांचे डबे, आणि मागे एकच जागा. सहज विचारलं, समजा मी आलोच असतो तर कुठे बसलो असतो? तेजो मान खाली घालून म्हणाला, दाजी, ताईने पहिल्या रोज्यालाच सांगितलं होतं, एकच ठेव.

मी म्हटलं, मी तुम्हाला घाटात गाठतो. मुलांनी हात हलवला.

संध्याकाळी फ्लोट बसवला, टाकी काठोकाठ भरली. पहाटे निघणार. वुर्यानीने फ्रिजमध्ये ओपोरची, म्हणजे नारळाच्या रश्शातली, कोंबडी आणि केतुपातचा भात ठेवलाय. एका माणसापुरता.

ईद
पहाटे मैदानावर धावत गेलो. मानिसखाली एक थेंब नाही. हात लावून पाहिलं, ठणठणीत कोरडं. एवढ्या मोठ्याने ओरडलो की कुंचोरोकाका नमाजचे कपडे घालून बाहेर आले. त्यांना म्हटलं, बघा, थांबली गळती.

किक मारली. पुन्हा मारली. टाकीचं झाकण उघडलं. आत पेट्रोलच नव्हतं. रात्रीत सगळं गळून उतारावरून वाहून गेलं होतं, मैदानाच्या कडेचं गवत पिवळं पडलंय. ईदचा दिवस म्हणून कुंचोरोकाकांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर रे. मीही तेच म्हटलं. नंतर ते गवताकडे बघत गेले.

दहाच्या सुमारास व्हिडिओ फोन. सासरे खुर्चीत, नवा शर्ट. वुर्यानीचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर, पाठ हलत होती. ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते. ती वेळेवर पोचली होती. मग तेजोने फोन त्यांच्यासमोर धरला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकले आणि माफी मागितली, गेल्या वर्षाची आणि यंदाची. म्हातारा म्हणाला, दिली बाबा. पुढच्या वर्षाचीही आत्ताच देऊन ठेवतो, तुला परत त्रास नको. सगळे हसले. मीही हसलो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, वुर्यानीची माफी मागायची राहिलीच. परत लावला. कोणी उचलला नाही. जेवायला बसले असतील.