लाल ठिपक्याची पत्ती

१२ मार्च, जेवणाची सुट्टी
तुमच्याच स्टुलावरून

प्रिय जाऊबाई,

नमस्कार. अक्षर ओळखून पत्र अर्धवट बाजूला ठेवाल, म्हणून बातमी आधी सांगते. आपल्या प्रयोगशाळेतला प्लाझ्मा काल सहा सेकंद टिकला! जो मेला धगधगता वायू अर्धा सेकंद धड थांबायचा नाही, चुंबकांच्या कुंपणातून निसटून भिंतीला टेकायचा आणि विझायचा, तो चक्क सहा सेकंद. साहेब लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. पंपवाले काका मला उचलून नाचणार होते, पण माझा आकार बघून त्यांनी बेत रद्द केला.

घरी सगळे बरे. तुमचे दीर गुडघा धरून का होईना, फिरायला जातात. धाकटी अजून विचारते, "मोठी आई कधी येणार?" मी विषय बदलते.

तर प्लाझ्मा. एक नवी शास्त्रज्ञ आली आहे, चष्मेवाली. महिनाभर बघून ती म्हणाली, "हा दर वेळी चुंबकाच्या सातव्या कॉइलकडेच कलतो. ती कॉइल तिरकी बसलीय." दोन वर्षांपूर्वी ओळंबा लावून तुम्ही हेच सांगत होतात. कॉइल तुम्ही गुंडाळलेली, बसवलेली मी. पण सगळ्यांनी दोष दिला तुमच्या गुंडाळणीला, आणि मी मूग गिळून बसले. तुम्ही नोकरी सोडलीत, आमचा उंबरठाही सोडलात.

मंगळवारी कॉइलचा पाय उघडला. खाली दोन मिलिमीटरची पॅकिंगची पत्ती! बसवताना टेकू म्हणून सारायची आणि मग आठवणीनं काढायची, ती तशीच राहिलेली. पुसली, तर कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका. तुमच्या पत्त्यांना निळा, माझ्यांना लाल, हे आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक? गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण "ही माझी" म्हणाले, सगळ्यांसमोर. पत्ती काढली, कॉइल सरळ केली, आणि काल हे सहा सेकंद. मी रडत रडत हसत होते.

आता ज्यासाठी इतकं लांबण लावलं, ते. तुम्ही कॉइल तिरकी म्हणालात त्या दिवशी हॉलभर ऐकू जाईल असं "नाचता येईना, अंगण वाकडं" कोण म्हणालं, ते तुम्हाला दिसलं नाही. तुमची पाठ होती, आणि पंपांच्या घरघरीत आवाजही ओळखू आला नसेल. तुम्ही पंपवाल्या काकांवर राग धरलात. ते काका नव्हते, मी होते. अंगण खरंच वाकडं होतं, जाऊबाई, आणि ते मीच करून ठेवलं होतं. मला माफ करा.

उरलेल्या अकरा कॉइल ओळंब्यानं तपासायच्या आहेत. साहेब म्हणाले, "बोलवा की त्यांना, घरच्याच आहेत ना तुमच्या?" म्हणून लगेच हे पत्र लिहायला बसले.

पत्ती सोबत पाठवते आहे. पोस्टानं परत करू नका. स्वतः घेऊन या, माझ्या डोक्यात घालायला का होईना. तोवर तुमच्या स्टुलावर मीच बसणार आहे. उठवायला या.

तुमची,
लाल ठिपकेवाली